मावशी, जरा पाणी देता?

चार महिने होऊन गेले त्या लग्नाला. नवरीच्या शालूचा रंग आठवत नाही, जेवणात काय होतं तेही धड आठवत नाही. दोन पेले पाणी मात्र अजून घशाखाली उतरत नाही.

म्हात्रे पुलाजवळ डीपी रस्त्याला नदीच्या कडेनं जी लॉन्स आहेत, त्यांतल्याच एका ठिकाणी लग्न होतं. मे महिना, साडेबाराचा मुहूर्त. कूलरचं वारं पुढच्या दोन रांगांपुरतं, मागे नुसती त्याची घरघर. दारात विशीतला एक मुलगा पुणेरी पगडी घालून येणाऱ्यांवर गुलाबपाणी शिंपडत उभा होता. पगडी त्याला घट्ट होत असावी, मधूनच तो ती उचलायचा तेव्हा कपाळावर लाल वळ दिसायचा. वाढायला आणि पाणी द्यायला ज्या बायका होत्या त्या सगळ्या एकाच जांभळ्या रंगाच्या नऊवारीत. जरीचे काठ, चापाची नथ, अंबाड्यावर कापडी गजरा. हल्ली केटरिंगवाले बायकांना असाच वेश देतात, आणि पाहुण्यांनाही तो आवडतो. मलाही आवडला होता. कौतुकानं मी तसं मैत्रिणीला म्हणालेही.

तहान लागली होती. पाण्याच्या जारपाशी जांभळ्या लुगड्यातली एक बाई पाठमोरी उभी होती. मी हात वर करून हाक मारली, "मावशी, जरा दोन पाणी देता इकडे?" ती वळली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्यामागे आणखी कुणी आहे का ते पाहिलं, आणि मग दोन कागदी पेले भरून, एकेका हातात एकेक धरून, खुर्च्यांच्या रांगांमधून वाट काढत आली. सांडू नये म्हणून फार सावकाश चालत होती. जवळ आल्यावर दिसलं की हिच्या नाकात नथ नाही, मुरणी आहे. कपाळावर हिरवं गोंदण. लुगडं जांभळंच, पण इरकली, लाल-पांढऱ्या टोपपदराचं, आणि ट्रंकेतल्या घडीच्या रेघा त्यावर अजून तशाच. तिच्यामागून डांबरगोळ्यांचा वास आला. तेवढ्यात नवरीची आई लगबगीनं आली, "अहो आत्या, तुम्ही कुठे उठलात? बसा की निवांत!" नवरीच्या वडिलांची सख्खी आत्या. सासवडच्या पुढच्या गावाहून आलेली. आई लहानपणी गेल्यावर त्यांना जिनं वाढवलं, ती.

मी तोपर्यंत पाणी पिऊन टाकलं होतं.

घरी येताना मैत्रीण म्हणाली, "अगं, होतं असं. सगळ्या सारख्याच तर दिसत होत्या." तिला बरं वाटावं म्हणून मी मान हलवली. पण सारख्या दिसत नव्हत्या, आणि ते मला तरी कळायला हवं होतं. कारण ज्या घरात मी वाढले तिथे लुगडं हे रोजचं होतं, आणि ते कसं नेसतात ते मी रोज पहाटे अंथरुणातून बघितलेलं आहे.

आजी मंडईत भाजी विकायची. साडेतीनला उठायची. बंबात पाणी तापेपर्यंत तिचं नेसून व्हायचं. ना परकर, ना पिन, ना आरसा. लुगड्याचं एक टोक कमरेभोवती घेऊन बेंबीजवळ गाठ मारायची, निऱ्यांचा झुबका खोचायचा, मग खालचा घोळ पायांमधून मागे घेऊन कासोटा असा आवळायचा की त्या आवळण्याचा आवाज यायचा. लुगडं गुडघ्याच्या जरा खाली संपायचं. उरलेला पदर छातीवरून घेऊन डोक्यावर, आणि त्याचा शेव कमरेला. नऊ वार कापड बाईच्या अंगावर बसायला चार मिनिटं. शेवटी डाव्या बाजूला कनवट, तिच्यात नोटा. चिल्लर आणि पान-सुपारी चंचीत. दिवसभर ती त्या लुगड्यात बसायची, उकिडवी व्हायची, पाटी डोक्यावर घ्यायची, ओच्यात वाटाण्याच्या शेंगा भरून आणायची. संध्याकाळी परत आली की तिच्या पदराला कोथिंबिरीचा, ओल्या गोणपाटाचा आणि तंबाखूचा वास यायचा. माझ्या लेखी आजी म्हणजे तो वास.

ती जिथे बसायची ती मंडईची दगडी इमारत बांधली गेली तेव्हा रे मार्केट म्हणून ओळखली जात होती, १८८६ सालची. तिच्यावर होणाऱ्या खर्चाला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाला लावा असं त्यांचं म्हणणं. आज त्याच इमारतीला त्यांचं नाव आहे. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण गाळ्याच्या खांबावर तिनं जोतीरावांची तसबीर लावलेली होती, आणि रोज सकाळी पहिली भवानी झाली की ती त्या तसबिरीला हात लावायची. तसबिरीत पागोटं होतं. "बघ, आपल्यासारखं बांधलंय," ती म्हणायची.

शाळेतली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. मी सातवीत होते. डबा विसरले होते म्हणून आजी मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकापाशी आली. मंडईतून थेट, तशीच, पायांवर चिखलाचे शिंतोडे. वर्गातल्या दोघी-तिघी माझ्याबरोबर होत्या. त्यांतल्या एकीनं विचारलं, "कोण गं ती?" मी म्हणाले, "आमच्याकडे भाजी देते." खोटं बोलले असंही म्हणता येत नव्हतं, आजी भाजी देतच होती. तिला ऐकू गेलं की नाही हे मला आजतागायत माहीत नाही. डबा दिला, "खाऊन घे" म्हणाली आणि गेली. तिनं कधी विषय काढला नाही. पण त्यानंतर शाळेत यायची वेळ आली की ती आईला पाठवायची. आई म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होती आणि गोल पातळ नेसायची.

लुगडं, पातळ, साडी. कापड तेच, पण आमच्या वाड्यात हे तीन शब्द तीन पायऱ्यांसारखे होते. कष्टाच्या बायकांचं लुगडं. शाळेत, कचेरीत जाणाऱ्यांचं पातळ. आणि साडी म्हणजे लक्ष्मी रोडच्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसून, दहा उलगडून एक घेतलेली. आजी गादीवर बसायची नाही. गादीच्या कडेला, पाय खाली सोडून. दुकानदार तिला "या मावशी" म्हणायचा आणि आईला "या मॅडम". दोघी एकाच वेळी एकाच दारातून आत गेलेल्या असायच्या.

आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक म्हातारी राहायची. लाल अलवणातली. मी पाहिलेली अलवणातली ती एकच बाई. डोक्यावरून घेतलेला तो लालसर पदर, त्याखाली केस नाहीत, हातात काही नाही, कपाळ कोरडं. आजी आणि ती दोघीही डोक्यावर पदर घ्यायच्या, आणि लहानपणी मला वाटायचं की दोघी एकाच जातकुळीतल्या असणार. शेजारच्या ब्राह्मणाघरच्या सवाष्णींचं डोकं तर उघडं असायचं. पुढे कळलं, की त्यांच्यात पदर डोक्यावर आला म्हणजे नवरा गेला, आणि आमच्यात पदर डोक्यावर म्हणजे घरंदाजपणा, मर्यादा. आजी मोठ्या दिरांसमोर पदर कपाळापर्यंत ओढायची तेव्हा तिला मान मिळायचा. वरच्या म्हातारीनं तेच केलं की समोरून येणारा माणूस वाट बदलायचा. दुपारी दोघी अंगणात शेंगदाणे निवडत बसत. एकदा आजीनं तिला विचारलं होतं, "तुमास्नी उकडत न्हाई व्हय ह्यात?" ती म्हणाली, "सवय झाली." इतकंच. मग दोघी बराच वेळ गप्प होत्या, सुपात दाणे पडायचा आवाज तेवढा.

नेसणीवरून माणूस ओळखायचा हा उद्योग इतका अंगवळणी पडलेला होता की तो कुणाला शिकवावा लागत नसे. लुगडं घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत, हातात काय, गळ्यात काय, एवढ्यावर लांबूनच जात कळायची आणि त्यावरून पाणी ओंजळीत वरून ओतायचं की तांब्या हातात द्यायचा ते ठरायचं. म्हणून १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले आणि त्यात नेसण्याचा विषय काढला, हे मला फार मोठं वाटतं. पाणी, मंदिर, हक्क हे सगळं बोलून झाल्यावर हा माणूस लुगड्याच्या लांबीबद्दल बोलतो. तुमचं लुगडं वर खोचलेलं, हातापायांत ढीगभर कथलाचे-चांदीचे दागिने, ही तुम्हाला वेगळं पाडणारी खूण आहे, ती टाका, वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं घोट्यापर्यंत नेसा, असा त्याचा मथितार्थ. त्या बायकांनी तिथल्या तिथे नेसण बदलली असं सांगतात. कुणीतरी शेजारणीच्या निऱ्या सोडवून पुन्हा घालून दिल्या असतील, कासोटा खाली ओढला असेल. आयुष्यभराची सवय. पायांत कापड आल्यानं परत जाताना काहीजणी अडखळल्याही असतील. मला तो अडखळलेला पाय दिसतो.

वडिलांचीही अशीच एक खूण होती. ते एका सरकारी कचेरीत शिपाई होते. त्या काळी सर्रास पट्टेवाला म्हणत. हा शब्द मी कितीतरी वर्षं नुसता ऐकला, त्याकडे पाहिलं नाही. माणसाला नाव पडलं ते कमरेच्या पट्ट्यावरून. चपराशीही तसाच, चपरास म्हणजे पट्ट्यावरचा तो पितळी बिल्ला. उलट बाजूला पांढरपेशा. म्हणजे एकाच कचेरीतली दोन माणसं, आणि दोघांचीही ओळख कपड्यात. वडील घरून निघताना पांढराच शर्ट घालत. तांब्यात निखारे भरून स्वतः इस्त्री करत, कॉलरवर दोनदा फिरवत. खाकी कपडे कापडी पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. कचेरीत गेल्यावर जिन्याखाली कपडे बदलायचे आणि संध्याकाळी पुन्हा पांढऱ्यात घरी. एक नूर आदमी, दस नूर कपडा, हे त्यांचं आवडतं वाक्य. आईनं खाकी कपडे धुऊन बाहेर गॅलरीत कधी वाळत घातले नाहीत. आतल्या खोलीत दांडीवर, काठीनं अगदी वर सरकवून. पावसाळ्यात ते दोन-दोन दिवस वाळायचे नाहीत आणि सगळ्या खोलीला त्या जाड कापडाचा कुबट वास यायचा. वाड्यातल्या प्रत्येकाला ते काय करतात ते माहीत होतं. तरीही.

परवा एका रिक्षात बसले होते. चालकाचा शर्ट पांढरा. मी सहज विचारलं, तर म्हणाला, "ताई, परमिट स्वतःचं असलं की पांढरा. दुसऱ्याची रिक्षा चालवायची तर खाकी. मी पाच वर्षं खाकीत होतो." आणि सिग्नलला थांबल्यावर त्यानं शर्टाच्या बाहीवरची धूळ झटकली. मला वडील दिसले.

पुण्यात कपड्यांचा इतिहास म्हटला की आपण थेट पगडीवर येतो. रानडे, टिळक, गोखले, भिंतीवरच्या त्या सगळ्या तसबिरी. २००९ साली पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकनही मिळालं. मला त्यातला एक फरक नेहमी महत्त्वाचा वाटतो. पगडी घालतात, पागोटं बांधतात. पगडी पगडबंदाकडून तयार होऊन येते, तिचा आकार ठरलेला, ती फक्त डोक्यावर ठेवायची. पागोटं म्हणजे नुसतं लांब कापड. ते ज्याचं त्यानं बांधायचं, सोडून अंग पुसायचं, भाकरी बांधायची, विहिरीवर वेळ पडली तर दोराला जोडायचं. २०१८ च्या जूनमध्ये पुण्यातल्या सभेत शरद पवारांनी पुणेरी पगडी बाजूला करून फुले पागोट्याचा आग्रह धरला, तेव्हा किती दिवस चर्चा चालली होती. कुणी म्हणालं हे राजकारण, कुणी म्हणालं उशिरा सुचलं. आमच्या बँकेत जेवणाच्या सुट्टीत दोन तट पडले. मी काही बोलले नाही. डोक्यावर काय आहे याला किंमत नाही असं ठामपणे म्हणणारे सगळे, ज्यांच्या आजोबांकडे पगडी होती ते होते, एवढं मनात टिपून ठेवलं.

याच पुण्यात १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी हरि रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली होती. चिपळूणकर जोतीरावांचे स्नेही. शहरातले सगळे बडे लोक दागदागिने आणि भारी वस्त्रं घालून आलेले. जोतीराव आले ते शेतकऱ्याच्या वेशात. आणि उठून त्यांनी राजपुत्राला सांगितलं, की इथे जमलेले हे लोक म्हणजे देश नव्हे, खरी रयत पाहायची तर खेड्यांत जा. जोतीराव बांधकामाची कंत्राटं घेत, त्यांच्याकडे चांगले कपडे नव्हते असं नाही. त्या दिवशी त्यांनी मुद्दाम ते घातले नाहीत. या प्रसंगाचं मला लहानपणापासून अप्रूप. शाळेत त्यावर भाषणही केलं आहे, बक्षीस मिळालं होतं. पण आता तो प्रसंग आठवला की माझी नजर जोतीरावांवरून हलून त्या पाहुण्यांवर जाते. भरल्या मंडपात शेतकऱ्याच्या कपड्यातला माणूस आत येताना बघून त्यांतल्या कुणाला वाटलं असेल, हा वाढप्यांपैकी असणार? कुणी हात वर केला असेल?

आणि ऑक्टोबर १९०५ ची ती परदेशी कपड्यांची होळी. सावरकर तेव्हा फर्ग्युसनमध्ये शिकत होते, टिळक हजर होते. धडा म्हणून वाचताना अंगावर काटा यायचा, आजही येतो. मात्र आजीला मी तो धडा वाचून दाखवला होता तेव्हा तिनं मधेच थांबवून विचारलं होतं, "आनि दुसऱ्या दिशी काय नेसलं त्यांनी?" तिच्याकडे दोन लुगडी होती. एक अंगावर, एक दांडीवर. तिचा प्रश्न मला तेव्हा अडाणी वाटला. आता मी कितीही मोठी गोष्ट वाचत असले तरी मधेच तो प्रश्न येऊन बसतो, आणि मला तो टाळता येत नाही, टाळावासाही वाटत नाही.

आता माझ्या मुलीकडे येते. तिच्या कॉलेजात ट्रॅडिशनल डे असतो, ढोल पथकात ती आहे, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला मैत्रिणींबरोबर जाते. तिच्याकडे तीन नऊवारी आहेत, तिन्ही शिवलेल्या. पायजम्यासारख्या चढवायच्या, कमरेला नाडी, काष्ट्याच्या आत चेन. पहिली शिवायला टाकली तेव्हा मी तिच्याबरोबर तुळशीबागेच्या मागच्या गल्लीत गेले होते. शिवणाऱ्या बाईंनी फोनवर फोटो दाखवत विचारलं, "कोणती शिवू? ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी?" लेक म्हणाली, "ज्यात चालायला सोपं पडेल ती." मी त्या फोटोंकडे पाहत राहिले. जे महाडला जिवाच्या करारानं बदलावं लागलं, ज्याच्यावरून आजी फाटकातून परत गेली, ते आता शिलाईच्या दरपत्रकात तीन नावांनी उभं होतं, आणि माझी पोरगी त्यांतलं कोणतंही निवडू शकत होती. मला खूप आनंद झाला. खरंच झाला. आणि त्याच वेळी बाईंनी कात्री घेतली आणि नऊ वार अखंड कापड मधोमध कापलं, तेव्हा काहीतरी चरकलं. ते काय होतं ते नीट सांगता येत नाही. कापडाचा फाटल्यासारखा आवाज असतो तो, करकरीत. त्या फोटोंत गुडघ्यापर्यंतचं, कष्टाच्या बाईचं नेसणंही नव्हतं. तेवढं एक कुणी शिवून मागत नाही.

लेक म्हणते, "मी उद्या नऊवारी घालणार आहे." पहिल्यांदा मी तिला टोकलं, "घालणार नाही, नेसणार." ती म्हणाली, "आई, पण ही घालायचीच असते." बरोबर होतं तिचं. शर्ट घालतात, टोपी घालतात, साडी-धोतर नेसतात. शिवलेलं कापड अंगावर घालायचं, न शिवलेलं नेसायचं. नेसायला अंगाला काहीतरी यावं लागतं, किती आवळायचं, कुठे सोडायचं. आणि नेसवायला दुसरं कुणीतरी लागतं, आई, आजी, नणंद. मला नेसता येत नाही. आजीनं एकदा शिकवायला घेतलं होतं, मी अकरावीत असताना. मी म्हणाले, "मला कुठे मंडईत बसायचंय?" तिनं लुगड्याची घडी घातली आणि ठेवून दिली.

ती गेल्यावर तिची लुगडी बोहारणीला दिली. आईनंच दिली, आणि आईलाही मी दोष देत नाही. दारात बसून बोहारीण एकेक लुगडं उजेडाकडे धरून बघत होती, कुठे विरलंय, कुठे रफू आहे. "जर नाय ह्यात," म्हणाली. जरीच्या लुगड्यांना किंमत, कारण जर जाळून चांदी काढतात. आजीच्या पाच लुगड्यांचं झाकणासकट एक स्टीलचं पातेलं आलं. ते अजून आहे, दूध त्यातच तापतं. एक हिरवं लुगडं तेवढं राहिलं, कारण ते आधीच गोधडीत गेलं होतं. गोधडीच्या मधल्या चौकोनात ते आहे, आणि त्यात कमरेजवळचा जो भाग आलाय तिथे कापड इतकं झिजलंय की खालचा थर दिसतो. रोज तिथेच गाठ, रोज तिथेच कनवट. थंडीत मी ती गोधडी घेते. झिजलेल्या जागी अंगठा फिरवायची सवय लागली आहे.

त्या लग्नाच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी आत्यांना शोधत गेले. त्या मंडपाच्या कडेला, कूलरपासून लांब, खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. चपला खाली नीट जोडून ठेवलेल्या. मी शेजारी बसले. मनात वाक्य तयार केलं होतं. "आत्या, मघाशी..." एवढंच आलं.

"त्ये कागदाचं प्याले लई हलकं गं," त्या म्हणाल्या. "निम्मं पानी वाटंतच सांडलं. आजून आनू का?"

मी नको म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत मला टोचण्याचा उद्देश दिसला नाही. मी बराच वेळ शोधला. काय बोलावं ते न सुचून मी विचारलं, लुगडं कुठलं. म्हणाल्या, धाकट्या भावानं घेतलेलं, याच पोरीच्या आज्यानं, पंचवीस वर्षं झाली. लग्नकार्याला तेवढं काढते. मग त्यांनी माझ्या साडीचा काठ दोन बोटांत धरून चोळून पाहिला, अगदी आजी मंडईत गिऱ्हाइकाच्या पदराला बघायची तसा, आणि मान डोलावली.

तेवढ्यात माझी लेक मला शोधत आली. ती त्या दिवशी हिरव्या शिवलेल्या नऊवारीत होती. मी म्हणाले, "पाया पड." ती वाकली. आत्यांनी तिला वळायला लावलं, पाठीमागचा काष्टा पाहिला, हात लावला. "आगं बया, चेन लावलीया!" आणि तोंडावर पदर धरून हसल्या, फार मोकळं. लेकही हसली. मग त्यांनी डाव्या बाजूला हात घालून कनवट सोडली. आत एक पुडी होती कागदाची, तंबाखूची असावी, एसटीचं तिकीट, आणि चौघडी घातलेल्या दोन-तीन नोटा. त्यांतली पन्नासाची वेगळी करून त्यांनी लेकीच्या हातावर ठेवली. "खाऊला."

ती नको-नको म्हणाली, मी "घे" म्हणाले. नोट घडी होऊन होऊन मऊ पडलेली, त्यांच्या अंगाच्या उबेनं कोमट. लेकीनं कमरेला चाचपून पाहिलं, इकडून, तिकडून, आणि मग ती माझ्यापुढे धरली.

"आई, तुझ्या पर्समध्ये ठेव ना. याला कुठे ठेवायला जागाच नाहीये."

आत्या तोवर खाली मान घालून कनवट पुन्हा खोचत होत्या.